दिवाळीआधीचा वर्ग, दिवाळीनंतरचा वर्ग : सहावी ते आठवीच्या जीवविज्ञानाचे वर्षभराचे नियोजन

पार्श्वभूमी

हे प्रकरण बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात असलेल्या, पहिली ते आठवीच्या एका जिल्हा परिषद शाळेचे आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षाचे आहे. शाळेची व व्यक्तींची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

गावची जमीन हलकी आणि मुरमाड आहे. खरिपात सोयाबीन, कापूस व तूर, विहिरीला पाणी राहिलेच तर रब्बीत ज्वारी आणि हरभरा, आणि डोंगरउतारावर सीताफळाची झाडे, असे तिथले शेत-शिवार. दसरा उलटला की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून आधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असल्यामुळे ते जाणे कुटुंबाच्या हातात राहिलेले नसते. काही मुले आजी-आजोबांजवळ मागे राहतात, आणि हंगामी वसतिगृह सुरू झाले तर त्यांच्या जेवणाची सोय शाळेत होते. उरलेली आईवडिलांबरोबर जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. शिक्षणहक्क कायदा सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन मागतो, आणि शाळा ते कागदावर व प्रत्यक्षातही पूर्ण करते. मात्र कायदा शाळेचे दिवस मोजतो. या गावातल्या अनेक मुलांच्या वाट्याला येणारे दिवस त्याहून बरेच कमी असतात.

तिन्ही वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिका एकच होत्या. त्यांचा उल्लेख पुढे ‘मॅडम’ असाच केला आहे, कारण गावात त्यांना सगळे तसेच म्हणतात. जीवविज्ञान हा त्यांच्या आवडीचा भाग होता आणि शाळेच्या आवारातली झाडे त्यांनी मुलांकरवी लावून घेतलेली होती. त्यामुळे प्रश्न उत्साहाचा किंवा तयारीचा नव्हता.

समस्या

दर जूनमध्ये शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर तयार वार्षिक नियोजने फिरू लागतात. त्यांत पुस्तकाच्या अनुक्रमणिकेला महिन्यांची नावे जोडलेली असतात, आणि तपासणीच्या वेळी दाखवायला ती पुरेशी ठरतात. मॅडम आजवर तेच वापरत आल्या होत्या. त्या वर्षी उन्हाळी सुट्टीच्या शेवटी त्यांनी वेगळी गोष्ट केली. सहावी, सातवी आणि आठवी या तीनही इयत्तांच्या विज्ञानाच्या अनुक्रमणिका एकाच मोठ्या कागदावर शेजारीशेजारी लिहिल्या आणि दिवाळीच्या जागी एक आडवी रेघ मारली. रेघेच्या खाली काय येते एवढेच त्यांना पाहायचे होते. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगी अर्धा तास तो होता.

रेघेच्या वर सजीवांची वैशिष्ट्ये आणि वर्गीकरण तीन वेळा आले होते : सहावीत दुसरा व तिसरा पाठ, सातवीत पहिला आणि आठवीतही पहिला. रेघेच्या खाली सातवीचे ‘पेशीरचना आणि सूक्ष्मजीव’ व ‘मानवी स्नायू व पचनसंस्था’ हे अकरावा-बारावा पाठ, आठवीचे ‘पेशी व पेशीअंगके’ आणि ‘मानवी शरीर व इंद्रिय संस्था’ हे दहावा-अकरावा पाठ, आणि आठवीचाच अठरावा पाठ ‘परिसंस्था’. सहावीचे ‘पोषण आणि आहार’ व ‘आपली अस्थिसंस्था व त्वचा’ हे पाठ बरोबर रेघेवर पडत होते, म्हणजे दसरा लवकर आला तर खाली आणि उशिरा आला तर वर.

याचा अर्थ असा की, तीनही वर्षे ऊसतोडीला गेलेले मूल वर्गीकरण तीनदा ऐकून आठवी उत्तीर्ण होत होते, पण पेशी, पचन, श्वसन, रक्ताभिसरण आणि परिसंस्था हे विषय शिकवले गेले तेव्हा ते एकदाही वर्गात नव्हते. नववीत याच मुलाला परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह आणि सजीवांतील जीवनप्रक्रिया शिकायच्या असतात. एकेका इयत्तेचे नियोजन वेगळे पाहिले तर हे लक्षात येत नाही, कारण प्रत्येक कागद स्वतःपुरता बरोबरच असतो.

दुसरी अडचण ऋतूची होती. ‘परिसंस्था’ हा पाठ छापील क्रमाने मार्चमध्ये येतो. तेव्हा ओढा कोरडा, शेते मोकळी आणि बांधावरचे गवत वाळलेले असते. उलट जूनच्या पहिल्या पावसानंतर मृगाचे लाल मखमली किडे शाळेच्या पटांगणावर फिरत असतात, त्यांचे आठ पाय मोजता येतात आणि हा कीटक नव्हे हे मुलांना स्वतःला सांगता येते. जुलैत बांधावर गोगलगायी दिसतात. २०२२ च्या पावसाळ्यात बीड, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत याच गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली होती, त्यामुळे मृदुकाय प्राणी कोणता हे सांगायला त्या गावात चित्राची गरज नव्हती. वर्गीकरणासाठी छापील क्रम ऋतूशी जुळत होता, परिसंस्थेसाठी मुळीच जुळत नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय छापील क्रम तसाच ठेवून, बाहेर जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्डाबरोबर स्वाध्यायपत्रिका देण्याचा होता. कार्डामुळे मुलाला जिथे कुटुंब उतरेल तिथल्या शाळेत बसता येते. पण फडावरच्या खोपीपासून शाळा किती दूर असेल, आणि धाकट्या भावंडाला कोण सांभाळेल, यावर ते बसणे अवलंबून असते. स्वाध्यायपत्रिका पूर्वीही दिल्या होत्या आणि बहुतेक कोऱ्याच परत आल्या होत्या. हा पर्याय फार चर्चा न होता मागे पडला.

दुसरा पर्याय मोहक होता : तीनही इयत्तांचे सगळे जीवविज्ञान दिवाळीपूर्वी आणि सगळे भौतिक व रसायन दिवाळीनंतर. पावसाळ्यात शिवार हिरवे असते, मुले हजर असतात, दोन्ही गोष्टी एकदम साधतात. मॅडमचा कल सुरुवातीला याच बाजूला होता. मुख्याध्यापक सरांनी मात्र एक प्रश्न विचारला आणि तो टाळता येण्यासारखा नव्हता. आठवीची मुले डिसेंबरात राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला, म्हणजे एनएमएमएसला बसतात. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात, आणि या गावात ती रक्कम मुलीचे शिक्षण पुढे चालू राहील की नाही हे ठरवू शकते. त्या परीक्षेत शालेय क्षमता चाचणीच्या ९० गुणांपैकी ३५ विज्ञानाचे असतात आणि त्यांत बल, विद्युत, धातू-अधातू हे सगळे येते. नोव्हेंबरपर्यंत फक्त जीवविज्ञान शिकवले, तर ज्या मुलांना शिष्यवृत्तीची सर्वाधिक गरज आहे तीच अर्ध्या तयारीने बसतील.

या पर्यायाला आणखी एक हरकत होती, ती बैठकीत कोणी बोलून दाखवली नाही पण नोंदवायला हवी. स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या वाट्याला मग भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र जवळपास येणारच नव्हते. एका विषयाची उणीव दुसऱ्या विषयाकडे ढकलणे एवढेच त्यातून घडले असते.

तिसरा पर्याय थोडाच बदल करण्याचा होता. प्रत्येक जीवविज्ञानाच्या पाठाला दोन प्रश्न विचारायचे. हा पाठ शिकवायला जिवंत वस्तू लागते का, आणि लागत असेल तर ती गावात कोणत्या महिन्यात मिळते? हा आशय या तीन वर्षांत पुन्हा कुठे येतो का, की एकदाच येतो? जो आशय पुन्हा येत नाही तो दिवाळीच्या वर ओढायचा. जो तीनदा येतो तो आटोपशीर करून वेळ मोकळा करायचा. हाच पर्याय स्वीकारला गेला.

निर्णय आणि त्यामागची कारणे

वर्गीकरणाला कात्री लावण्याचा निर्णय सर्वांत अवघड गेला. सातवीच्या पहिल्या पाठातले अनुकूलन पूर्ण ठेवायचे, वर्गीकरणाचा भाग मात्र सहावीच्या उजळणीपुरता घ्यायचा, आणि आठवीत सूक्ष्मजीवांच्या वर्गीकरणावर भर देऊन बाकीचे थोडक्यात, असे ठरले. सरांना पाठ ‘अपूर्ण’ राहिल्याची नोंद नको होती. शेवटी पाठ टाचणात ‘पूर्वज्ञान तपासून’ अशी स्पष्ट नोंद करून, ज्या मुलांना सहावीचे आठवत नाही त्यांच्यासाठी परिपाठानंतरची काही मिनिटे राखून ठेवण्यावर तडजोड झाली. व्यवहारात ती मिनिटे नेहमी मिळाली नाहीत.

दुसरा निर्णय पेशीचा. सातवी आणि आठवी दोन्हींत पेशी येते, दोन्ही वर्गांत पट कमी, आणि सूक्ष्मदर्शक एकच. म्हणून दोन्ही वर्गांना एकत्र बसवून पेशीची निरीक्षणे एकाच आठवड्यात घ्यायची आणि त्यानंतर आठवीची पेशीअंगके वेगळी शिकवायची, असे ठरले. अडचण अशी की शाळेच्या साहित्यपेटीतला सूक्ष्मदर्शक आरशाचा होता. त्याला खिडकीतून येणारा भरपूर उजेड लागतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असते. निरीक्षणे ऑक्टोबरच्या उन्हात घ्यावीत तर टोळ्या निघण्याची वेळ होते. त्या वर्षी दसरा २४ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, म्हणजे थोडी मोकळीक होती. नियोजनात पेशीसाठी सप्टेंबरचा शेवट लिहिला गेला.

तिसरा निर्णय प्रश्नपत्रिकेचा. केंद्रातल्या, म्हणजे एकाच केंद्रप्रमुखाखालच्या, शाळा प्रथम सत्राच्या संकलित मूल्यमापनासाठी एकच प्रश्नपत्रिका वापरत असत. पाठांचा क्रम बदलला की ती लागू पडणार नव्हती. मॅडमनी जुलैच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, तीन इयत्तांचा तो मोठा कागद भिंतीला लावून दाखवला आणि या शाळेपुरती विज्ञानाची प्रश्नपत्रिका वेगळी काढण्याची परवानगी मागितली. केंद्रप्रमुखांनी गुणभार तोच ठेवण्याच्या अटीवर ती लेखी दिली. ही परवानगी आधी मागितली हे योग्यच झाले. ऑक्टोबरात मागितली असती तर तोच बदल हलगर्जीपणासारखा दिसला असता.

‘अन्नपदार्थांची सुरक्षा’ हा सातवीचा पाचवा पाठ मात्र उलट दिशेने, मार्चमध्ये नेला. तेव्हा घरोघरी कुरडया, पापड आणि खारोड्यांचे वाळवण चालू असते, आणि पाणी काढून घेतले की सूक्ष्मजीवांची वाढ का थांबते हे गच्चीवर जाऊन दाखवता येते. जाणाऱ्या मुलांना हा पाठ हुकणार होता. पण त्यातले बरेचसे ती घरी पाहत असतात, आणि एखादा पाठ त्यांना हुकणारच असेल तर तो हाच असावा, असा हिशेब त्यामागे होता. मला तो पटतो, जरी सर्वांना पटेलच असे नाही.

आठवीला ‘बल व दाब’ आणि ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ हे पाठ प्रथम सत्रातच ठेवले. एनएमएमएसचा प्रश्न त्यातून अंशतः सुटला. त्यासाठी लागलेल्या तासिका परिसंस्थेच्या वाट्यातून गेल्या.

प्रत्यक्ष वर्ष कसे गेले

नियोजन पावसावर बेतले होते आणि पाऊसच आला नाही. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्यात सोयाबीन फुलोऱ्यात असतानाच माना टाकू लागले. वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या घरी त्याच एका गोष्टीची चर्चा असताना ठरल्याप्रमाणे शिवारफेरी काढणे मॅडमना जड गेले असणार.

त्यांनी केलेला पहिला बदल साधा आणि नेमका होता. आभाळ निरभ्र आहे तर सूक्ष्मदर्शक आत्ताच काढायचा. पेशीचा आठवडा सप्टेंबरअखेरीवरून ऑगस्टच्या अखेरीस आला. कांदा घरून आणला होता, आयोडीन पातळ करून घेतले होते. पहिल्या दिवशी बहुतेक मुलांनी वहीत जाड काळ्या कडेची गोल वर्तुळे काढली. ती पेशी नव्हती, काचेखाली अडकलेले हवेचे बुडबुडे होते. सूक्ष्मदर्शक नव्याने हाताळणाऱ्या जवळपास प्रत्येक वर्गात हे घडते आणि शिक्षक सहसा ते पुसायला सांगतात. मॅडमनी दुसऱ्या दिवशी आधी मुद्दाम बुडबुडे असलेली काचपट्टीच दाखवली, तिचे चित्र काढून घेतले आणि त्याखाली ‘बुडबुडा’ असे नाव लिहायला लावले. मग आच्छादक काच एका कडेवर टेकवून हळूच तिरकी कशी सोडायची ते शिकवले. त्यानंतर विटांच्या बांधकामासारख्या लागून असलेल्या लांबट पेशी आणि आयोडीनमुळे पिवळसर दिसणारे केंद्रक वह्यांत उतरले. गालाच्या आतल्या पेशी मिथिलीन ब्लूने रंगवून पाहिल्यावर पेशीभित्तिका कुठे गेली, हा प्रश्न सातवीतल्या एका मुलीने विचारला आणि त्याचे उत्तर आठवीच्या मुलांनी दिले. दोन वर्ग एकत्र बसवण्याचा फायदा इतका उघडपणे नंतर कधी दिसला नाही.

तंतुकणिका, गॉल्गी पिंड, आंतर्द्रव्यजालिका ही अंगके त्या सूक्ष्मदर्शकातून दिसणार नव्हती. मॅडमनी ते मुलांना आधीच सांगितले. आठवीचा पुढचा भाग आकृत्यांवरच झाला आणि कंटाळवाणा झाला. त्याला इलाज नव्हता.

सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हा सातवीच्या सूक्ष्मजीवांच्या पाठासाठी निवडलेला नमुना होता. कोरडवाहू रानातून उपटलेल्या झाडांवर गाठी मोजक्या आणि बारीक निघाल्या. पाठ फसतो की काय असे वाटत असताना एका मुलाने विहिरीवर तुषार सिंचन चालू असलेल्या आपल्या चुलत्याच्या शेतातली दोन झाडे आणली. त्यांच्या गाठी टपोऱ्या होत्या आणि नखाने चिरल्यावर आतून गुलाबी होत्या. हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिन या द्रव्याचा आणि तो असला म्हणजे आतले रायझोबियम जीवाणू हवेतला नत्र स्थिर करण्याचे काम करत आहेत, एवढे समजावून दिल्यावर कोरड्या रानातल्या झाडाला पाण्याबरोबर नत्रही कमी पडत आहे हे मुलांनीच ताडले. चांगल्या पावसाच्या वर्षी ही तुलना मिळालीच नसती.

‘आरोग्य व रोग’ या आठवीच्या पाठात सगळ्यात अनपेक्षित वळण आले. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळावा, असे सर्वत्र शिकवले जाते. मुलांना घरच्या रांजणांत आणि बॅरलमध्ये अळ्या सापडल्या, त्या बाटलीत घेऊन तोंडाला कापड बांधून वर्गात ठेवल्या, पाण्याच्या पृष्ठभागाला तिरक्या लोंबणाऱ्या अळ्या आणि आडव्या तरंगणाऱ्या ॲनोफिलिसच्या अळ्या यांतला फरकही पाहिला. पण कोरड्या दिवसाचा विषय निघताच एक मुलगी म्हणाली, “मॅडम, टँकरचं पाणी फेकून दिलं तर आई मला घरात घेईल का?” तो प्रश्न रास्त होता. दुष्काळात पाणी ओतून द्या असे सांगणारा आरोग्याचा पाठ गावात कोणी ऐकणार नव्हते.

यावर आशाताईंना, म्हणजे गावच्या आशा आरोग्य स्वयंसेविकेला, वर्गात बोलावले गेले आणि पर्याय ठरला : पाणी ओतायचे नाही, दुहेरी कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळायचे, रिकाम्या झालेल्या बॅरलच्या आतल्या भिंती काथ्याने घासायच्या, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात, मग पाणी परत भरून तोंड कापडाने घट्ट बांधायचे. जीवनचक्र शिकल्याचा उपयोग इथे होता. नुसता नियम पाठ असता तर तो बदलता आला नसता.

सप्टेंबरात काही सरी आल्यावर परिसंस्थेचा पाठ घेतला गेला, पण ओढ्याऐवजी बांधावर. दोरीने एक मीटरचा चौकोन आखून आतल्या वनस्पती, मुंग्या, नाकतोडे, कोळी यांची नोंद केली. सरडा आणि गायबगळा चौकोनाबाहेरून जोडले गेले. जलपरिसंस्था पुस्तकातूनच झाली. सातवीची पचनसंस्था आणि आठवीचे श्वसन व रक्ताभिसरण ऑक्टोबरात झाले. त्यांना ऋतू लागत नाही, त्यामुळे फार सांगण्यासारखे काही नाही. शिजलेल्या भाताच्या पाण्यात लाळ मिसळून काही वेळाने आयोडीन टाकले तर निळा-काळा रंग का येत नाही, हा प्रयोग सातवीत चांगला जमला. आठवीत धावण्याआधी आणि धावल्यानंतर नाडी मोजण्याचा.

एक किरकोळ वाटणारी अडचण दोन आठवडे त्रास देऊन गेली. त्या वर्षीपासून सगळ्या विषयांची पुस्तके एकत्र करून, मध्ये वहीची कोरी पाने घालून, चार भागांत आली होती, म्हणजे दप्तराचे ओझे कमी व्हावे. ‘परिसंस्था’ शेवटच्या भागात होती आणि तो भाग घरी कुठल्या तरी पेटीत पडलेला होता. पाठांचा क्रम बदलणाऱ्या शिक्षकाला पुस्तक कसे बांधले आहे याचाही विचार करावा लागतो. तसा याचा एक लाभही झाला : बाहेर जाणाऱ्या मुलांनी शेवटचे दोन भागच बरोबर नेले.

कारखान्यांचा गळीत हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू झाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग उघडला तेव्हा अपेक्षेप्रमाणे बाके रिकामी होती. डिसेंबरात आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्णांसाठी पुनर्परीक्षेची कार्यपद्धती शासनाने ठरवून दिली, आणि दिवाळीपूर्वी शिकवून झालेले पेशी व इंद्रिय संस्था हे पाठ मार्चमध्ये पुन्हा उजळावे लागले. ही कार्यपद्धती जूनमध्ये ठरलेली नव्हती.

निष्पत्ती

पाडव्याच्या सुमारास, एप्रिलमध्ये, परतलेल्या मुलांकडून मॅडमनी तोंडी आढावा घेतला. सातवी-आठवीतल्या बहुतेकांना पेशीची आकृती काढून तिचे भाग सांगता आले; बुडबुडा आणि पेशी यांतला फरक तर त्यांनी न विचारता सांगितला. पचनमार्गाचा क्रम काहींचा चुकला. बॅरल घासण्याची गोष्ट एका मुलाने फडावरच्या पाण्याच्या टाकीवरही केली होती, असे त्याच्या आईने येऊन सांगितले.

त्याच मुलांनी ध्वनी आणि प्रकाश या पाठांवरचे प्रश्न कोरे सोडले. उष्णतेचेही तसेच. एनएमएमएसला बसलेल्या मुलांची तयारी मागच्या वर्षाइतकीच झाली, त्यात नियोजनाने भर घातली असे म्हणता येणार नाही, पण हानीही झाली नाही. सहावीला या सगळ्याचा फारसा फरक पडला नाही, कारण दसरा उशिरा असल्यामुळे त्यांचे आहाराचे आणि अस्थिसंस्थेचे पाठ तसेही दिवाळीपूर्वी झाले असते.

वेगळे काय करता आले असते

स्थलांतराची माहिती सप्टेंबरात विचारली गेली. ती जूनमध्येच, प्रवेशाच्या वेळी पालकांशी बोलून मिळू शकली असती, कारण अनेक घरांत उचल तेव्हा घेऊन झालेली असते आणि कोणते कोयते, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोड्या, जाणार हे घरात ठरलेले असते. कोणती मुले जाणार हे नावानिशी कळले असते, तर अपुरा राहिलेला वर्गीकरणाचा भाग कोणाकडून आधी करून घ्यायचा हेही ठरवता आले असते.

नियोजनात पावसाच्या उघडिपीसाठी रकाना नव्हता. मराठवाड्यात ऑगस्टमधला खंड ही नवलाची गोष्ट नाही, २०२३ चा फक्त फार लांबला. प्रत्येक शिवारातल्या पाठासमोर ‘पाऊस नसेल तर’ असा एक पर्याय लिहून ठेवला असता, तर पेशीचा आठवडा अलीकडे ओढण्याचा चांगला निर्णय प्रसंगावधानावर सोडावा लागला नसता. त्याच रकान्यात सिंचित आणि कोरडवाहू झाडांची तुलनाही आधीपासून बसली असती.

वार्षिक परीक्षेमुळे करावी लागलेली उजळणी टाळता येण्यासारखी नव्हती, पण पेशीच्या वह्या जपून ठेवल्या असत्या तर ती सोपी गेली असती. वहीची पाने पुस्तकातच असल्याने चित्रे त्या-त्या भागात विखुरली होती.

सर्वांत मोठा मुद्दा त्या मोठ्या कागदाचा आहे. त्यावर फक्त जीवविज्ञानाचे पाठ रंगवले होते. तोच कागद भौतिकशास्त्रासाठी पाहिला तर ध्वनी सहावीत तेरावा, सातवीत अठरावा आणि आठवीत पंधरावा पाठ आहे. प्रकाश चौदावा, सतरावा आणि सोळावा. तीनही वर्षे दोन्ही रेघेच्या खालीच. आठवी होऊन बाहेर पडणारे ऊसतोड कामगाराचे मूल या दोन विषयांना कधीच वर्गात भेटत नाही, आणि जीवविज्ञान वर ओढल्यामुळे ती दरी बुजण्याऐवजी तशीच राहिली. एप्रिलच्या शेवटी मॅडमनी पुढच्या वर्षासाठी सातवीचे ‘प्रकाशाचे परिणाम’ आणि ‘ध्वनी’ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्यायचे ठरवले. पेशी फक्त आठवीत दिवाळीपूर्वी ठेवायची आणि सातवीतली पेशीरचना दिवाळीनंतर जाऊ द्यायची, म्हणजे जाणाऱ्या मुलाला तीन वर्षांत प्रत्येक मोठा विषय निदान एकदा मिळेल. उष्णतेला या मांडणीत अजून जागा सापडलेली नाही. सातवीत तो नववा पाठ आहे आणि दसरा लवकर आला तर पुन्हा रेघेखाली जातो. त्यानंतरच्या जुलैच्या शिक्षण परिषदेत हा रंगवलेला कागद दोन शेजारच्या शाळांनीही मागितला; त्यांतल्या एका शाळेत विज्ञानाचे शिक्षकच नव्हते.